अम्मांचं कार्ड

एटीएमच्या रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्या अम्मांनी कार्ड माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "अक्का, लाडक्या बहिणीचे दीड हजार आलेत का बघ की. आले असतील तर काढून दे." सोलापूरच्या साखर पेठेतली दुपार होती. आत एसीचं पाणी कोपऱ्यातल्या बादलीत ठिबकत होतं आणि फरशीभर पावत्यांचे कागद पडले होते. मी कार्ड यंत्रात सरकवलं. पिन विचारायच्या आतच त्यांनी तेलुगूत चारही आकडे सांगून टाकले, दाराबाहेरच्या माणसालाही ऐकू जातील एवढ्या स्पष्ट आवाजात. रांग पूर्व भागातली, म्हणजे निम्म्याहून अधिक लोकांच्या घरची भाषा तेलुगू. नेमकी त्याच क्षणी पडद्यावर सूचना आली, आपला पिन कुणालाही सांगू नका. मी आकडे दाबले, नोटा मोजून दिल्या, कार्ड परत केलं. अम्मांनी नोटा कनवटीला लावल्या आणि चपला सरकवत निघून गेल्या.

त्या सूचनेत खोटं काहीच नाही. तरी ती माझ्या मनातून जाईना. अम्मा बेफिकीर नाहीत, हे मला दिसलं होतं. माझ्याकडे येण्याआधी त्यांनी पुढच्या दोन पोरांना निरखून पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. पाच-सहा माणसांतून त्यांनी एक माणूस निवडला. उभा जन्म त्यांनी असाच व्यवहार केला आहे, किराणा दुकानदाराशी, विडी कारखान्यातल्या मुनिमाशी, भिशी चालवणाऱ्या बाईशी. समोरचा माणूस पारखायचा आणि मग विश्वास टाकायचा. बँकेने त्यांच्या हातात दिलेल्या यंत्रात या पारखीला कुठेच जागा नाही. पुन्हा मागितले तर मी पुन्हा काढून देईन. पण त्या दिवशी माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर दोष कुणाच्या माथी आला असता, हे मला नक्की माहीत होतं, आणि तेच टोचत राहिलं.

अम्मा कळत्या वयापासून विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. कात्रीने मापात कापलेलं पान डाव्या हातावर घ्यायचं, चिमटीने तंबाखू पसरायची, अंगठ्याने रेटत गुंडाळी करायची, तोंडाची घडी नखाने आत दाबायची आणि दोऱ्याचे वेढे देऊन टाकायचे. पंचवीस विड्या झाल्या की एक कट्टा. त्या हे सगळं दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत करतात, हाताकडे बघतसुद्धा नाहीत, आणि कट्ट्यात कधी चोवीस निघत नाहीत. एवढ्या वर्षांत त्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्यात. गल्लीच्या तोंडाशी एका दुकानात अंगठा लावून आधारच्या खात्यातले पैसे मिळतात. अम्मा आधी तिथेच जायच्या. बोट काचेवर ठेवायचं, यंत्राने नाही म्हणायचं, पदराने बोट पुसायचं, पुन्हा ठेवायचं. "अंगठा उठंना गेलाय बघ," त्या मला म्हणाल्या होत्या, जणू यंत्राच्या वतीने माफी मागत होत्या. म्हणून कार्ड आलं. कार्डाबरोबर पिन आला. आणि पडद्यावर मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषा आल्या, ज्यांतली एकही त्यांना वाचता येत नाही. आकडे त्यांना पक्के येतात. अडतं ते दोन आकड्यांच्या मधल्या वाचनात. कुठलं बटण दाबायचं ते समजेपर्यंत वेळ संपतो आणि कार्ड बाहेर येतं.

पिनचे आकडे चारच का, याची एक हकीकत आहे. 27 जून 1967 रोजी लंडनच्या एन्फील्ड भागात बार्कलेज बँकेने पैसे देणारं यंत्र बसवलं. ते बनवणाऱ्या जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्याकडचा, शिलाँगचा. त्यांच्या मनात सहा आकड्यांचा पिन होता. घरी बायकोला विचारलं, तर ती म्हणाली की मला चारच लक्षात राहतात. मग चार ठरले. ही गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितलेली. पिनचं श्रेय मात्र वादाचं आहे, कारण स्कॉटलंडच्या जेम्स गुडफेलो यांचं पेटंट त्याआधीचं, 1966 चं. श्रेय कुणाचंही असो, मला त्या गोष्टीतली बायको आवडते. ज्या माणसाला ते यंत्र वापरायचं आहे त्याला झेपतं का, असं कुणीतरी विचारलं आणि उत्तर ऐकून आपला बेत बदलला. आमच्या पेठेत कार्डं वाटली गेली तेव्हा असं कुणी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही.

वडील चादरीच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती बघणारे.

शाळा सुटली की मी डबा परत आणायला जायची. मागांचा खडखडाट एवढा की आत बोलायचं ते हातवाऱ्यांनी. तेलाचा, सुताचा, रंगाचा मिळून एक वास होता, तो आजही एखाद्या नव्या चादरीची घडी मोडली की येतो. मागाच्या वर नक्षी काढणारं जॅकार्ड बसवलेलं असे आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरत असे. पत्त्यांना भोकं पाडलेली. जिथे भोक तिथे सुई आत जाणार, तो धागा उचलला जाणार, आणि खाली चादरीवर मोर नाहीतर वेल उमटत जाणार. पावसाळ्यात पत्ते सादळायचे, एखादं भोक फाटायचं आणि मोराच्या मानेत रेघ यायची. वडील तो पत्ता काढून, मागून कागद चिकटवून नीट करायचे. एकदा मी विचारलं की हे पत्ते कुणी चोरून नेले तर. ते म्हणाले, चोरायला कशाला हवेत, बघून तशीच भोकं पाडली की झालं. मागाला काय कळतंय पत्ता कुणाचा आहे ते. नंतर पानिपतहून सोलापुरी नावाच्या चादरी बाजारात यायला लागल्या तेव्हा कारखान्यातल्या सगळ्यांनाच ते वाक्य नव्याने कळलं.

कार्डाच्या पाठीवरची काळी पट्टी त्याच जातीची आहे, आणि हे नुसतं माझ्या मनाचं जुळवणं नाही. जॅकार्डच्या पत्त्यांच्याच वाटेने अमेरिकेत हर्मन हॉलेरिथने 1890 च्या जनगणनेसाठी भोकांची कार्डं वापरली. त्याची कंपनी पुढे ज्या मोठ्या कंपनीत मिसळली तिचं नाव 1924 मध्ये आयबीएम झालं. त्याच आयबीएममधल्या फॉरेस्ट पॅरी या इंजिनिअरने साठच्या दशकाच्या सुरुवातीला प्लास्टिकच्या कार्डावर चुंबकीय फीत बसवली. फीत चिकटेना म्हणून तो वैतागला होता आणि बायकोने हातातली इस्त्री फिरवून ती बसवून दिली, असं सांगतात. कॅसेटच्या फितीत असते तशी ही पट्टी. तिच्यात कार्डाचा नंबर, मुदत आणि आणखी थोडे आकडे लिहिलेले असतात, आणि ते कायम तेच राहतात. पट्टी वाचणाऱ्या यंत्राला आकडे मिळाले की ते त्यांना खरं मानतं. आकडे मूळ कार्डावरून आले की कोऱ्या कार्डावर उतरवून घेतले, हे त्याला समजायला मार्ग नाही.

पुढच्या बाजूची सोनेरी चिप वेगळी आहे. तिच्या पोटात एक गुपित किल्ली असते, ती बाहेर कधीच येत नाही. दर व्यवहाराला चिप त्या किल्लीने नवं उत्तर तयार करते आणि आजचं उत्तर उद्या चालत नाही. रिझर्व्ह बँकेने नुसत्या पट्टीची जुनी कार्डं बदलायला 31 डिसेंबर 2018 ही मुदत दिली होती. तेव्हा बँकांपुढे लागलेल्या रांगा सगळ्यांना आठवत असतील. पण आलेलं नवं कार्ड उलटं करून बघा, चिपवाल्या कार्डाच्या पाठीवरही पट्टी आहेच. जगात कुठेतरी चिप न वाचणारं यंत्र अजून असेल, त्याच्यासाठी ती ठेवलेली. मास्टरकार्डने 2021 मध्ये जाहीर केलं की 2024 पासून पट्टी टप्प्याटप्प्याने ऐच्छिक होईल आणि 2033 पर्यंत त्यांच्या कार्डांवरून पूर्ण जाईल. म्हणजे साठ वर्षांपूर्वीची ती फीत आणखी काही वर्षं आपल्या पाकिटात राहणार. जुन्या यंत्रांची गैरसोय नको म्हणून जो धोका शिल्लक ठेवला जातो, तो ज्यांनी ठेवला त्यांच्या वाट्याला येत नाही. तो अम्मांच्या कनवटीपाशी येऊन थांबतो.

हल्ली एटीएममध्ये गेले की मी आधी कार्डाचं तोंड चाचपते. हिरवट, अर्धपारदर्शक प्लास्टिकची ती कड दोन बोटांत धरून हलवून बघते. कडेला गोंदाचा ओशट कण लागतो का, रंगाचा फरक आहे का, मागचा दिवा झाकला गेलाय का. चोर याच तोंडावर हुबेहूब दुसरं तोंड बसवतात, त्यात पट्टी वाचणारी बोटभर यंत्रणा असते. पिनसाठी आकड्यांच्या वर, छताच्या पट्टीत नाहीतर जाहिरातीच्या चौकटीत बारीक कॅमेरा. म्हणून पिन दाबताना दुसरा हात वर आडवा धरायचा. मी धरते. अम्मा कशा धरणार? त्यांना एक एक आकडा शोधायला डोळे यंत्राला टेकवावे लागतात. आमच्या त्या एटीएमला रखवालदार नाही. खुर्ची आहे, रिकामी.

आणि कधी कधी चोराला पिनसुद्धा लागत नाही.

ऑक्टोबर 2016 मध्ये देशातली सुमारे 32 लाख डेबिट कार्डं धोक्यात आल्याचं उघड झालं, तेव्हा दोष एटीएमचं काम बघणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत शिरलेल्या घातक सॉफ्टवेअरचा होता. ऑगस्ट 2018 मधली पुण्याच्या कॉसमॉस बँकेची गोष्ट तर आपल्या दाराशी घडलेली. 11 तारखेला, शनिवारी, बँकेच्या खऱ्या यंत्रणेऐवजी चोरांची खोटी यंत्रणा एटीएमना 'द्या पैसे' असं उत्तर देत राहिली. नक्कल केलेली कार्डं घेऊन माणसं 28 देशांत यंत्रांपुढे उभी होती. काही जण इथे भारतातही, कोल्हापुरातसुद्धा. सोमवारी आणखी जवळपास 14 कोटी हाँगकाँगला गेले. एकूण 94 कोटींच्या वर. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा केली, ते बहुतेक पैसे काढायला उभे राहिलेले हात होते. या दोन्ही प्रकरणांत कुणी आपला पिन रांगेत मोठ्याने सांगितला नव्हता. तरीही आपल्या मोबाइलवर, पडद्यावर, बँकेच्या भिंतीवर एकच वाक्य दिसतं आणि ते ग्राहकाला उद्देशून असतं.

आता काकांचं सांगते. आमच्या वाड्यातले काका एसटीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर तिकिटांचा आणि रोकडीचा हिशेब पैशापर्यंत जुळवलेला माणूस. मागच्या उन्हाळ्यात ते पैसे काढायला गेले, यंत्र काही केल्या पुढे सरकेना. मागे उभ्या असलेल्या तरुणाने "काका, असं नाही, असं घाला" म्हणत कार्ड घेतलं, आत घातलं, बाहेर काढलं, "यंत्रच बंद दिसतंय" म्हणून परत दिलं. काका घरी आले. पाकिटात होतं ते त्याच बँकेचं, त्याच रंगाचं, दुसऱ्याच कुणाचं तरी कार्ड. कार्डावरचं नाव कोण रोज वाचतं? महिन्याच्या शेवटी पासबुक भरायला गेले तेव्हा अडतीस हजार नव्हते. बँकेकडून संदेश गेले होते, सगळे गेले होते, पण खात्याला जोडलेला नंबर पुण्यात असलेल्या मुलाचा जुना नंबर होता आणि ते सिम कधीच बंद पडलं होतं. काउंटरवरच्या साहेबांनी संगणकात बघून सांगितलं, पिन बरोबर टाकलाय, म्हणजे तुम्ही कुणाला तरी सांगितला असणार. काका काही बोलले नाहीत. घरी येऊन काकूंनाही दोन दिवस सांगितलं नाही. पैशापेक्षा ते वाक्य त्यांना जास्त लागलं होतं. ज्या माणसाच्या हिशेबात कधी चार आणे कमी आले नाहीत, त्याला एक तिशीतला मुलगा खोटं ठरवत होता.

काउंटरवरच्या त्या मुलावर मला नुसता राग धरता येत नाही. त्याच्यासमोर पीक विम्याची, पेन्शनची, केवायसीची माणसं दाटीवाटीने उभी होती, आणि त्याचा पडदा त्याला एवढंच सांगत होता की पिन जुळला. पण पिन जुळला म्हणजे माणूस तोच, हा निष्कर्ष यंत्राचा नाही. तो आपण काढलेला आहे, आणि तो किती कच्चा आहे हे 2010 मध्येच केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. त्यांनी खरं चिपकार्ड आणि दुकानातलं यंत्र यांच्यामध्ये एक छोटी यंत्रणा घातली. ती यंत्राला सांगायची की पिन बरोबर आहे आणि कार्डाला भासवायची की पिन विचारलाच नाही, सहीवर काम चाललंय. चार शून्यं दाबली तरी व्यवहार झाला आणि पावतीवर छापून आलं, पिनने पडताळलेला. हा प्रकार दुकानातल्या यंत्राचा. एटीएममध्ये पिन बँकेकडे जाऊन तपासला जातो, तिथे ही युक्ती चालत नाही. काकांच्या बाबतीत बहुधा त्या तरुणाने शेजारी उभं राहून बोटं वाचली, एवढंच. तरी मी ही गोष्ट मनात धरून आहे, कारण त्याआधी बँका ग्राहकांना पावती दाखवून हेच म्हणायच्या, यंत्र चुकत नाही, तुम्हीच.

मी काकांसाठी नियम वाचायला बसले. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक होतं. चूक बँकेची असेल तर ग्राहकाने तक्रार केली काय नि नाही काय, त्याला तोशीस नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत नुकसान सोसायचं. त्याच्या पुढे बँकेचं धोरण असेल ते. कळवल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यावर तात्पुरती जमा करायची आणि 90 दिवसांत निकाल लावायचा. ग्राहकाने पिन स्वतः दिला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. आणि त्या परिपत्रकात एक वाक्य आहे जे मी दोनदा वाचलं, मग काकांना मोठ्याने वाचून दाखवलं: ग्राहकाची जबाबदारी आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर राहील. काउंटरवर घडलं होतं बरोबर याच्या उलट.

पण त्या तीन दिवसांचं काय करायचं, ते मला सुचत नव्हतं. हे घड्याळ संदेश मिळाल्यापासून चालू होतं, आणि नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो ग्राहक आहे त्याचा फोन त्याच्या खिशात आहे. आमच्या गल्लीत फोन घराचा असतो. खात्याला नंबर असतो मुलाचा, नातवाचा, नाहीतर खातं उघडून दिलेल्या एजंटाचा. अम्मांच्या खात्याला कुणाचा नंबर आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. अशा माणसाला संदेश मिळाला असं कधी म्हणायचं? संदेश पाठवला तेव्हा, की पासबुक छापून हातात आलं तेव्हा? काकांच्या अर्जात मी हाच मुद्दा पहिला लिहिला, आणि बाजूला कुणी उभं राहून आकडे पाहणं म्हणजे पिन सांगणं नव्हे, हा दुसरा.

मग मी अम्मांना घेऊन त्यांच्या शाखेत गेले. त्यांनी आपला नवा कोरा बटणांचा फोन पिशवीतून काढून टेबलावर ठेवला, तो नंबर खात्याला लावून घेतला. संदेश वाचता येणार नाही, पण फोन वाजला की तो दाखवायला त्या शेजारच्या कॉलेजातल्या पोरीकडे जाणार आहेत, तेवढं त्यांनी ठरवलंय. दिवसाची पैसे काढायची मर्यादा दोन हजारांवर आणून ठेवली. ऑनलाइन आणि परदेशातला वापर बंद आहे का ते बघितलं. 2020 पासून नव्या कार्डांवर हे आधीपासून बंदच ठेवायचं असा नियम आहे आणि जुन्यावरही बंद करून मागता येतं. कार्ड दुकानात यंत्राला नुसतं टेकवून पाच हजारांपर्यंत पिनशिवाय जातात, तेही बंद केलं. काउंटरवरच्या बाईंनी हे सगळं न कंटाळता करून दिलं, वर विचारलं, "एवढी कमी लिमिट पुरेल का?" अम्मा म्हणाल्या, "त्याच्यावर कधी असतच नाही." बाई हसल्या नाहीत, त्यांनी फक्त मान हलवली आणि फॉर्मवर आकडा लिहिला. एवढं करायला अर्धा तास लागला. कार्ड हातात देतानाच हे का करून देत नाहीत, हा प्रश्न मी त्यांना विचारला. त्या म्हणाल्या, "कुणी मागत नाही, मॅडम." मला वाटतं हे मागायची गोष्टच नसावी. ज्याच्या खात्यात महिन्याला दीड-दोन हजार येतात त्याच्या कार्डाची मर्यादा पंचवीस हजार असायचं कारण काय?

काकांचा अर्ज बँकेत देऊन 30 दिवस उलटले. बँकेचं उत्तर समाधानकारक नसेल किंवा आलंच नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. 2021 च्या योजनेपासून सगळ्या तक्रारी एकाच ठिकाणी, ऑनलाइन किंवा कागदावर देता येतात. काका कागदावरच देतो म्हणाले. स्वतःच्या अक्षरात, एसटीच्या जुन्या सवयीने प्रत्येक आकड्याखाली रेघ मारून त्यांनी ती लिहिली, परिपत्रकातलं भाराचं वाक्य वेगळ्या ओळीत घेतलं आणि सात रस्त्याच्या बाजूला कामासाठी गेलो तेव्हा आम्ही ती रजिस्टर पोस्टाने टाकली. पोलिसांत सायबरची तक्रार उशिरा का होईना झाली आहे. ज्यांचे पैसे आत्ता, आज गेलेत त्यांनी मात्र बँकेच्या आधी किंवा बरोबरीने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावावा. पहिल्या तासांत पैसे मधल्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, काकांना ती मिळाली नाही.

लोकपालांकडून काय येतं ते कळलं की इथे लिहीन, उत्तर विरुद्ध आलं तरी. काकांच्या अर्जाचा मसुदा आणि परिपत्रकातल्या मुद्द्यांचं मराठी टिपण माझ्याकडे तयार आहे. पूर्व भागातल्या कुणाला तेलुगूत करून हवं असेल तर शेजारची ती कॉलेजातली पोरगी करून देते म्हणालीय.